टेक्सासमध्ये संसार मांडताना: खर्च, घर आणि सुरक्षितता यांचा क्रमवार हिशेब

टेक्सासमध्ये नोकरी मिळालेल्या मराठी कुटुंबाला भारतातून निघण्यापूर्वीच दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात: तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही आणि तिथे घरे स्वस्त आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण अपुऱ्या आहेत. राज्य जो पैसा पगारातून कापत नाही तो घरपट्टी, घराचा विमा, उन्हाळ्यातले लाइटबिल आणि गाड्यांचा खर्च या वाटांनी जातो. या रकमा किती होतील हे बऱ्याच अंशी आपल्याच हाती असते, कारण कुठे राहायचे, कोणत्या करारावर सही करायची आणि कोणता अर्ज कोणत्या तारखेपर्यंत भरायचा यावर त्या ठरतात. म्हणून हा लेख नवागताच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या क्रमाने लिहिला आहे. उदाहरणे उत्तर डॅलसची अधिक आहेत, कारण तो भाग माझ्या रोजच्या परिचयाचा आहे. ह्यूस्टन, ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओ येथे जिथे नियम किंवा धोके वेगळे आहेत तिथे तसे सांगितले आहे.

पहिली पायरी: हातात येणारा पगार ओळखा

टेक्सासने २०१९ साली मतदारांचा कौल घेऊन व्यक्तींवरील राज्य प्राप्तिकराला राज्यघटनेतच बंदी घातली. त्यामुळे कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीतल्या तेवढ्याच पगाराच्या तुलनेत इथे दरमहा अधिक रक्कम हाती येते. मात्र केंद्राचा प्राप्तिकर सर्वत्र सारखाच आहे, आणि त्याखेरीज सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनासाठी, ६.२ टक्के व मेडिकेअरसाठी, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, १.४५ टक्के कापले जातातच. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्यांना पहिली पाच कॅलेंडर वर्षे या दोन कपातींतून साधारणपणे सूट असते. नोकरी लागल्यावर पहिल्याच वेतनचिठ्ठीत ती सूट लावली आहे ना, हे पाहावे, कारण चुकून कापलेले पैसे परत मिळवण्यात महिने जातात.

विक्रीकर राज्याचा ६.२५ टक्के आणि स्थानिक २ टक्क्यांपर्यंत, असा बहुतेक शहरांत एकूण ८.२५ टक्के पडतो. दुकानातल्या फळीवर लिहिलेल्या किमतीत तो धरलेला नसतो. तांदूळ, डाळी, दूध, भाजी अशा न शिजवलेल्या किराण्यावर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधांवर तो लागत नाही, त्यामुळे घरी स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबाचा किराणा येथे आवाक्यात राहतो. बाहेरच्या जेवणाचे गणित वेगळे आहे, कारण त्यावर करही आहे आणि टीपही.

दुसरी पायरी: गाव निवडण्याआधी कचेरीचा रस्ता पाहा

टेक्सासमध्ये घराचा भाव आणि कचेरीपासूनचे अंतर हे एकाच तराजूत तोलावे लागतात. डॅलस परिसरात आयर्विंग, प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी आणि ॲलन ही नावे भारतीयांच्या तोंडी असतात. यांपैकी आयर्विंग आणि प्लेनो येथे डार्टची, म्हणजे डॅलस परिसराच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेची, रेल्वे व बससेवा आहे; फ्रिस्को, मॅकिनी आणि ॲलन ही गावे डार्टची सदस्य नाहीत. एकाच गाडीवर पहिले वर्ष काढायचे असेल, किंवा पती-पत्नींपैकी एकाला अजून गाडी चालवता येत नसेल, तर हा फरक भाड्यातल्या शंभर-दोनशे डॉलरांपेक्षा मोठा ठरतो. घरात अडकून पडलेल्या जोडीदाराची घुसमट कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही, आणि नवागत कुटुंबांत ती मी वारंवार पाहिली आहे.

मुले शाळेत जाणारी असतील तर पत्ता आधी शाळेच्या हद्दीशी ताडून पाहावा. इथली सार्वजनिक शाळा स्वतंत्र शाळा-जिल्ह्याकडे असते, आणि शहराच्या नावाशी त्या जिल्ह्याची हद्द जुळेलच असे नाही. पोस्टाचा पत्ता फ्रिस्कोचा आणि शाळा दुसऱ्याच जिल्ह्याची, अशी घरे आहेत. शाळा-जिल्ह्याच्या संकेतस्थळावर घर क्रमांक घालून खात्री करता येते. घरमालकाच्या किंवा एजंटाच्या शब्दावर ती सोडू नये.

तिसरी पायरी: भाड्याचे घर

पहिले वर्ष भाड्यानेच राहावे, हे माझे ठाम मत आहे. एक पूर्ण उन्हाळा, एक गारपिटीचा वसंत आणि एक थंडी पाहिल्याशिवाय इथल्या घराचा खरा खर्च कळत नाही.

उत्तर डॅलसच्या उपनगरांत २०२४-२५ च्या सुमारास एका बेडरूमच्या अपार्टमेंटचे भाडे साधारण १,३०० ते १,७०० डॉलर आणि दोन बेडरूमचे १,७०० ते २,३०० डॉलर होते. जाहिरातीतल्या भाड्यावर पाणी, कचरा, कीटकनाशक फवारणी, पार्किंग आणि कधी कधी सक्तीचे इंटरनेट असे आकार चढतात आणि महिन्याला दीडशे ते अडीचशे डॉलरांची भर सहज पडते. म्हणून चौकशी करताना ‘भाडे किती?’ असे न विचारता ‘सर्व सक्तीचे आकार धरून महिन्याला किती भरावे लागेल?’ असे विचारावे आणि उत्तर ईमेलवर मागावे. पाण्याचे बिल स्वतंत्र मीटरवर आहे की संपूर्ण इमारतीचे बिल भाडेकरूंत वाटले जाते, हेही त्याच ईमेलमध्ये विचारावे.

बहुतेक संकुले भाड्याच्या तिप्पट मासिक उत्पन्न मागतात आणि क्रेडिटचा इतिहास, म्हणजे इथली कर्जे व बिले वेळेवर फेडल्याची नोंद, तपासतात. नवागताकडे तो नसतो. नोकरीचे पत्र, भारतातील बँकेची शिल्लक आणि जादा अनामत रक्कम यांवर अनेक ठिकाणी काम होते. टेक्सासच्या कायद्यात अनामत रकमेला कमाल मर्यादा नाही, हे ध्यानात ठेवून घासाघीस करावी. घर सोडल्यावर मालकाने ३० दिवसांत अनामत परत करायची असते किंवा कपातीची तपशीलवार यादी द्यायची असते. पण त्यासाठी आपला नवा पत्ता आपण लेखी कळवलेला असावा लागतो. ही एक ओळ न लिहिल्यामुळे अनेकांची अनामत अडकते. राहायला जाताना प्रत्येक खोलीचे, गालिच्यावरील डागांचे आणि भिंतींवरील ओरखड्यांचे व्हिडिओ चित्रण करून ते त्याच दिवशी व्यवस्थापकाला पाठवून ठेवावे.

करारात आणखी तीन कलमे वाचावीत: घर सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, मुदतीआधी सोडल्यास किती दंड, आणि सूचना न दिल्यास करार महिना-महिना पुढे चालू राहतो का व कोणत्या दराने. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी दुसरे कलम विशेष काळजीने वाचावे, कारण नोकरी गेल्यास साधारण ६० दिवसांची मुदत हाती असते आणि त्या काळात भाडेकराराचे ओझे फार जड होते. भाडे थकले तर घर रिकामे करण्याची नोटीस येथे अवघ्या ३ दिवसांची असू शकते, त्यामुळे दोन महिन्यांचे भाडे बाजूला ठेवूनच सुरुवात करावी.

सुरक्षिततेच्या दृष्टीने कायदा भाडेकरूच्या बाजूने काही ठोस गोष्टी सांगतो. नवा भाडेकरू आल्यावर ७ दिवसांच्या आत कुलपाच्या किल्ल्या बदलल्या गेल्या पाहिजेत. बाहेरच्या दाराला आतून लावायची, किल्लीने बाहेरून न उघडणारी कडी आणि बाहेर पाहायचे भिंग असले पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून घरमालकाला हेही लेखी सांगावे लागते की घर शंभर वर्षांच्या पूररेषेत असल्याचे त्याला ठाऊक आहे का आणि गेल्या पाच वर्षांत तिथे पुराने नुकसान झाले आहे का. ह्यूस्टनमध्ये हा कागद न मागता सही करू नये.

भाड्याच्या फसवणुकीबद्दल एक उपाय टेक्सासमध्ये फुकट उपलब्ध आहे. प्रत्येक काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे घरपट्टीसाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर पत्ता घातला की घराच्या मालकाचे नाव दिसते. तुम्ही भारतात बसून, घर न पाहता बोलणी करत असताना ‘आज पैसे पाठवले तरच घर राखून ठेवतो’ असे सांगणाऱ्या माणसाचे नाव तिथल्या नावाशी जुळत नसेल तर बोलणे तिथेच थांबवावे.

चौथी पायरी: वीज

टेक्सासच्या मोठ्या भागात २००२ पासून वीज विकणाऱ्या कंपन्यांत स्पर्धा आहे. तारा आणि मीटर डॅलसकडे ऑनकोरचे व ह्यूस्टनकडे सेंटरपॉइंटचे असतात, पण बिल पाठवणारी कंपनी आपण निवडतो. ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओ येथे वीज महापालिकेच्या मालकीची आहे, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही. इतरांनी राज्याच्या पब्लिक युटिलिटी कमिशनचे ‘पॉवर टू चूज’ हे संकेतस्थळ वापरावे आणि प्रत्येक योजनेसोबतचे ‘इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल’ उघडून वाचावे.

या लेबलवर ५००, १,००० आणि २,००० युनिटांना पडणारा सरासरी दर दिलेला असतो. जाहिरातीत मात्र बहुधा १,००० युनिटांचाच आकडा ठळक असतो, आणि फसगत तिथेच होते. उदाहरणादाखल अशी योजना घ्या, जिचा सर्व आकार धरून दर १९ सेंट आहे, पण १,००० युनिटांचा टप्पा गाठल्यास १०० डॉलरांची सूट मिळते. बरोबर १,००० युनिट वापरले तर बिल १९० उणे १००, म्हणजे ९० डॉलर, आणि दर दिसतो ९ सेंट. त्याच योजनेत ९०० युनिट वापरले तर बिल १७१ डॉलर येते. कमी वीज वापरूनही बिल जवळजवळ दुप्पट. एका बेडरूमच्या घरात वर्षातले अनेक महिने १,००० युनिट होत नाहीत, त्यामुळे अशा सुटीच्या योजना टाळून सरळ, ठरावीक दराची बारा महिन्यांची योजना घ्यावी आणि तिची मुदत संपण्याची तारीख मोबाइलमध्ये नोंदवावी. मुदत संपली की कंपनी आपल्याला महागड्या मासिक दरावर ढकलते. करार वसंतात किंवा शरदात संपेल असा बेत केल्यास नवा दर बरा मिळतो, असा माझा अनुभव आहे.

पाचवी पायरी: गाडी, परवाना आणि रस्ता

सुरक्षिततेचा विषय निघाला की बोलणे बंदुकीकडे वळते. परंतु टेक्सासमध्ये रोजच्या जगण्यातला सर्वांत मोठा धोका रस्ता आहे. राज्यात दरवर्षी सुमारे ४ हजार माणसे रस्ते अपघातांत मरतात, आणि ७ नोव्हेंबर २००० नंतर एकही दिवस असा गेलेला नाही की राज्याच्या रस्त्यांवर कोणी दगावले नाही. ताशी ७० मैलांच्या महामार्गावर पुण्या-मुंबईची सवय घेऊन उतरू नये. परवाना आधीपासून असला तरी शिक्षकाबरोबर काही तास घ्यावेत, आणि त्यांत महामार्गावर चढणे, मार्गिका बदलणे, चार रस्त्यांवरील थांब्याचा क्रम आणि दिवे लावून थांबलेल्या शाळेच्या बसमागे थांबणे यांचा सराव करावा.

राज्यात स्थायिक होणाऱ्याने ९० दिवसांत टेक्सासचा परवाना घ्यायचा असतो. भारतातून निघताना आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन यावे, आणि इथे पोहोचताच परवाना कार्यालयाची वेळ ऑनलाइन घ्यावी, कारण ती कित्येकदा काही आठवड्यांनंतरची मिळते. व्हिसावर असलेल्यांचा परवाना मर्यादित मुदतीचा असतो आणि वास्तव्याच्या मुदतीबरोबर संपतो. मुदतवाढीचे कागद आले की परवान्याचे नूतनीकरणही त्याच आठवड्यात करून टाकावे.

विम्याची कायदेशीर किमान पातळी ३०/६०/२५ अशी सांगितली जाते: एका जखमी माणसासाठी ३० हजार, एका अपघातातील सर्व जखमींसाठी ६० हजार आणि समोरच्याच्या मालमत्तेसाठी २५ हजार डॉलर. इथल्या दवाखान्यांची बिले पाहता ही रक्कम अपुरी आहे. १००/३००/१०० चे संरक्षण, आणि समोरच्याकडे विमा नसल्यास उपयोगी पडणारे ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ संरक्षण, यांत काटकसर करू नये. जुनी गाडी घेतली तरी तिच्या किमतीवर ६.२५ टक्के कर द्यावा लागतो. खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून रद्द झाली आहे, पण डॅलस, कॉलिन, हॅरिस, ट्रॅव्हिस यांसारख्या काउंटींत धुराची तपासणी अजून लागते. टोलरस्त्यांसाठी टॅग पहिल्याच आठवड्यात घ्यावा. टॅग नसल्यास क्रमांकाच्या पाटीवरून घरी येणारे बिल खूप जास्त असते, आणि पत्ता बदललेला असेल तर त्यावर दंडही चढत जातो.

सहावी पायरी: दवाखाना कोणता, हे आधीच पाहून ठेवा

टेक्सासच्या उपनगरांत बाजारपेठेच्या कोपऱ्यावर छोट्या दवाखान्यांसारखी दिसणारी स्वतंत्र इमर्जन्सी केंद्रे आहेत. पाटीवर ‘इमर्जन्सी’ हा शब्द असेल तर तिथले बिल मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाइतके येते. ‘अर्जंट केअर’ असेल तर ते त्याच्या एका अंशात भागते. मुलाचा ताप, घसा, किरकोळ जखम यांसाठी घराजवळचे, आपल्या विम्याच्या जाळ्यातले अर्जंट केअर कोणते, हे रात्री दहा वाजता शोधण्याऐवजी आल्याबरोबर लिहून ठेवावे. छातीत दुखणे, श्वास अडकणे किंवा शुद्ध हरपणे अशा वेळी मात्र खर्चाचा विचार न करता ९११ हा आपत्कालीन क्रमांक फिरवावा. आई-वडील भारतातून येणार असतील तर त्यांचा प्रवासी आरोग्य विमा विमानाच्या तिकिटाबरोबरच घ्यावा.

सातवी पायरी: घर विकत घेणे

टेक्सासमध्ये घराचा मध्यम भाव २०२४ मध्ये ३ लाख ३५ ते ४० हजार डॉलरांच्या आसपास होता. सॅन अँटोनिओ आणि ह्यूस्टन त्याच्या आसपास किंवा खाली, डॅलस परिसर ४ लाखांच्या जवळ, ऑस्टिन परिसर त्याहून वर, तर फ्रिस्कोसारख्या गावात ६-७ लाखांची घरे नेहमीची. भाव केवळ चढतच जातात, असे सांगणाऱ्यांनी ऑस्टिनकडे पाहावे: मे २०२२ मध्ये तिथला मध्यम भाव साडेपाच लाखांवर पोहोचला होता, आणि त्यानंतर तो बराच उतरला. त्या शिखरावर घर घेऊन दोन वर्षांत नोकरीसाठी राज्य सोडावे लागलेल्यांना तोटा सोसावा लागला. पाच वर्षे राहण्याची शक्यता नसेल तर घर घेऊ नये.

आता हिशेब मांडू. समजा, नव्या वसाहतीतले साडेचार लाखांचे घर आहे आणि तुम्ही १० टक्के रोख भरता. उरलेल्या ४ लाख ५ हजारांवर साडेसहा टक्के दराने ३० वर्षांच्या कर्जाचा हप्ता सुमारे २,५६० डॉलर येतो. घरपट्टी २.२ टक्के धरली तर महिन्याला ८२५ डॉलर. घराचा विमा वर्षाला ४ हजार धरला तर महिन्याला साधारण ३३०. रोख रक्कम २० टक्क्यांपेक्षा कमी असल्याने कर्जाच्या विम्याचे अंदाजे १२०, आणि वसाहतीच्या संघाची, म्हणजे एचओएची, वर्गणी ६०. एकूण सुमारे ३,९०० डॉलर. बिल्डरच्या कचेरीत मात्र चर्चा पहिल्याच आकड्याची होते.

घरपट्टी राज्य घेत नाही. काउंटी, शहर, शाळा-जिल्हा, सार्वजनिक रुग्णालय, महाविद्यालय यांचे स्वतंत्र दर मिळून ती बनते. शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था उभारण्यासाठी म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट नावाची आणखी एक संस्था कर्जरोखे काढते आणि ते फेडण्यासाठी वेगळा कर लावते. दोन मैलांवरच्या दोन सारख्या घरांच्या घरपट्टीत त्यामुळे वर्षाला तीन-चार हजार डॉलरांचा फरक पडू शकतो. घर स्वस्त का आहे, असा प्रश्न पडला की आधी हा कर आहे का ते पाहावे.

जुन्या घराच्या जाहिरातीत दिलेली घरपट्टी तुमची नसते. आधीचा मालक तिथे वर्षानुवर्षे राहत असेल तर त्याच्या करपात्र किमतीला वार्षिक १० टक्के वाढीची मर्यादा लागलेली असते आणि त्याचे वय ६५ च्या वर असेल तर आणखी सूटही असते. विक्रीनंतर या सवलती संपतात. नव्या घराची गोष्ट याहून फसवी आहे: किंमत १ जानेवारीच्या स्थितीवर ठरत असल्याने त्या दिवशी केवळ जमीन असेल तर पहिल्या वर्षीचा कर जमिनीपुरताच येतो. बँक हप्त्याबरोबर घरपट्टीसाठी घ्यायची मासिक रक्कम त्यावरून ठरवते, पुढच्या वर्षी पूर्ण घराचा कर येतो, त्यासाठी साठवलेल्या खात्यात तूट पडते आणि हप्ता एकदम पाच-सातशे डॉलरांनी वाढतो. हे घडणार हे ठाऊक असेल तर पहिल्या वर्षीच तेवढी रक्कम वेगळी साठवता येते.

कर्जाबाबत एक बदल लक्षात घ्यावा. २५ मे २०२५ पासून कायम वास्तव्याचा दर्जा नसलेल्यांना एफएचए कर्ज, म्हणजे केंद्र सरकारी संस्थेची हमी असलेले गृहकर्ज, मिळत नाही. एच-१बी धारकांसाठी नेहमीच्या पद्धतीची, म्हणजे कन्व्हेन्शनल, कर्जे खुली आहेत. त्याच वर्षी टेक्सासने काही परदेशी नागरिकांच्या मालमत्ता खरेदीवर निर्बंध घालणारा कायदा केला, आणि १ सप्टेंबरपासून तो लागू झाला. त्यात चीन, इराण, उत्तर कोरिया आणि रशिया यांची नावे आहेत, भारताचे नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ झालेले संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतात आणि घाबरलेली माणसे घाईने निर्णय घेतात.

जुन्या घराच्या राज्य-प्रमाणित करारात ‘ऑप्शन पिरियड’ असतो. थोडी फी भरून मिळालेल्या या आठ-दहा दिवसांत कोणतेही कारण न देता करार मोडता येतो. घराची तपासणी याच दिवसांत करायची. बिल्डरच्या करारात असा काळ सहसा नसतो, म्हणून नव्या घराच्या करारावर सही करण्यापूर्वी तो वकिलाला दाखवावा, आणि घर नवे कोरे असले तरी स्वतःचा तपासनीस लावावा, शक्यतो भिंती बंद होण्याआधी एकदा आणि ताबा घेण्याआधी एकदा. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सार्वजनिक नोंदीत जाहीर होत नाही, त्यामुळे संकेतस्थळांवरचे अंदाज चुकू शकतात. शेजारची घरे प्रत्यक्षात कितीला गेली याची यादी एजंटाकडून मागून घ्यावी.

पायाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. डॅलसपासून दक्षिणेकडे सॅन अँटोनिओपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात काळी चिकण माती आहे, आणि ‘ह्यूस्टन ब्लॅक’ ही तिची एक जात टेक्सासची राज्यमाती मानली जाते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी कापसाची जमीनही याच वर्गातली. पावसात फुगणारी आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ती जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इथल्या घरांच्या पायाचे दुखणे सांगावे लागणार नाही. घर पाहताना दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग, घासून लागणारे किंवा आपोआप उघडणारे दार, बाहेरच्या विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढलेली भेग आणि फरशीवर गोटी ठेवली असता एका बाजूला घरंगळणे, ही लक्षणे शोधावीत. केसाएवढ्या बारीक भेगा जवळपास प्रत्येक घरात असतात, त्यांना घाबरू नये. पाव इंचाहून रुंद भेग दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला वेगळे पैसे देऊन बोलवावे. पाया दुरुस्त करणाऱ्या कंपनीची ‘मोफत तपासणी’ हा त्याला पर्याय नाही. घर घेतल्यावर उन्हाळ्यात पायाच्या कडेने झिरपणारी नळी टाकून माती सारखी ओलसर ठेवावी आणि पावसाचे पाणी पायापासून दूर वाहील असा उतार राखावा.

विम्यात दोन गोष्टी वाचाव्यात. गारपीट आणि वादळ यांसाठीची कपात बहुधा ठरावीक रकमेत नसून घराच्या विमारकमेच्या टक्क्यांत असते. ४ लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे छप्पर बदलताना पहिले ८ हजार डॉलर आपले. दुसरे असे की पुराचे नुकसान घराच्या विम्यात धरलेले नसते. त्यासाठीची केंद्र सरकारी योजनेची पॉलिसी इमारतीला अडीच लाख आणि सामानाला १ लाख डॉलरांपर्यंत संरक्षण देते आणि साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळाची बातमी आल्यावर ती घेऊन उपयोग नसतो. ऑगस्ट २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टन परिसरात पूररेषेबाहेरची हजारो घरे बुडाली. ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील केटीच्या बाजूला अॅडिक्स आणि बार्कर या पूरनियंत्रक जलाशयांच्या पाणफुगवट्याच्या हद्दीत वसाहती उभ्या होत्या, आणि तिथल्या अनेकांना ही गोष्ट पाणी घरात येईपर्यंत ठाऊक नव्हती. ह्यूस्टनमध्ये घर घेताना पूररेषेबरोबर या जलाशयांची हद्दही नकाशावर पाहावी.

आठवी पायरी: घरपट्टीचे दरवर्षीचे काम

घरात राहायला गेल्यावर होमस्टेड सवलतीचा, म्हणजे स्वतः राहत असलेल्या घराला घरपट्टीत मिळणाऱ्या सुटीचा, अर्ज करावा. मतदारांनी मान्य केलेल्या दुरुस्त्यांमुळे शाळा-जिल्ह्याच्या करातून वगळली जाणारी किंमत २०२३ मध्ये १ लाख आणि २०२५ मध्ये १ लाख ४० हजार डॉलर झाली. शाळेचा दर १.१ टक्के धरला तरी वर्षाला दीड हजारांहून अधिक वाचतात. नागरिकत्वाची अट नाही. घर स्वतःचे असावे, तेच मुख्य निवास असावे आणि वाहन परवान्यावरचा पत्ता घराच्या पत्त्याशी जुळावा. अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे मोफत होतो. सरकारी वाटावे असे पत्र पाठवून त्याचे पैसे मागणाऱ्यांना उत्तर देऊ नये.

एप्रिलच्या सुमारास नव्या किमतीची नोटीस येते. ती जास्त वाटली तर १५ मे पर्यंत, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवसांत, यांपैकी जी तारीख नंतरची तोपर्यंत हरकत घेता येते. शेजारच्या सारख्या घरांच्या किमती, छपराच्या किंवा पायाच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके आणि फोटो जोडले तर पुष्कळदा पहिल्याच बोलण्यात किंमत कमी होते. कर ३१ जानेवारीपर्यंत भरायचा असतो.

नववी पायरी: सुरक्षितता, जागेवर आणि ऋतूवर पाहून

एखादे शहर सुरक्षित की असुरक्षित, असा सरसकट निवाडा उपयोगाचा नसतो. पोलिस खात्यांच्या संकेतस्थळांवर गुन्ह्यांचे नकाशे असतात. ज्या संकुलात राहायचे त्याच्या आसपासचे गेल्या सहा महिन्यांतले प्रकार पाहावेत, आणि ती जागा एकदा रात्री नऊनंतर व एकदा शनिवारी जाऊन पाहावी. नवागतांच्या वाट्याला मुख्यतः गाडीची काच फोडून होणाऱ्या चोऱ्या आणि दारातली पार्सले उचलणे हे प्रकार येतात. गाडीत लॅपटॉपची पिशवी क्षणभरही दिसेल अशी ठेवू नये. भारतीय घरांत सोने असते, हे अमेरिकेतल्या चोरांना कळलेले आहे; दागिने बँकेत ठेवावेत आणि दिवाळी-लग्नाचे फोटो गावाबाहेर असताना समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरील बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते. रस्त्यावर कोणी डिवचले, मागून दिवे दाखवले, शिवी दिली, तरी नजर न देता बाजूला व्हावे. पोलिसांनी गाडी थांबवली तर उतरू नये, काच खाली करावी, दोन्ही हात चाकावर ठेवावेत आणि कागद काढण्यापूर्वी सांगावे. मुले मित्राकडे खेळायला जाणार असतील तर त्या घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हे विचारण्यात संकोच करू नये. इथले पालक असा प्रश्न समजून घेतात. ६ मे २०२३ रोजी ॲलनच्या मॉलमध्ये झालेल्या गोळीबारात आठ निरपराध माणसे मारली गेली, आणि त्यांत एक तरुण भारतीय अभियंताही होती. अशा घटना विरळ असल्या तरी गर्दीच्या जागी बाहेर पडायची दुसरी वाट पाहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

हवामानाबाबत टेक्सास खरोखर कठोर आहे. वादळाचा ‘वॉच’ म्हणजे शक्यता आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे आता आसरा घ्या. भोंगा वाजला तर बाहेर पाहायला न जाता तळमजल्यावरच्या खिडकी नसलेल्या खोलीत किंवा न्हाणीघरात जावे, कारण इथल्या घरांना तळघर क्वचितच असते. पाणी वाहत असलेल्या रस्त्यावर गाडी घालू नये. ४ जुलै २०२५ रोजी ग्वाडालुपे नदीला काही तासांत आलेल्या पुरात शंभराहून अधिक जीव गेले. हिल कंट्रीत, म्हणजे याच नदीच्या डोंगराळ भागात, सहलीला जाताना नदीकाठचा मुक्काम निवडण्यापूर्वी अंदाज पाहावा आणि रात्री मोबाइलवरील इशारे चालू ठेवावेत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कडाक्याच्या थंडीत वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रे गोठली, राज्याची वीजजाळी देशाच्या इतर जाळ्यांपासून बहुतांशी वेगळी असल्याने बाहेरून पुरेशी मदत घेता आली नाही, आणि ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली. राज्याच्या मोजणीनुसार २४६ माणसे मरण पावली. त्यातली काही घरात कोळसा पेटवल्याने किंवा गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवल्याने विषारी वायूने गेली, म्हणून या दोन्ही गोष्टी कधीही करू नयेत आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र झोपायच्या खोलीबाहेर लावावे. तापमान गोठणबिंदूखाली जाणार असे कळताच बाहेरच्या नळांना आवरण घालावे, आतले नळ बारीक धारेने चालू ठेवावेत, सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत. घराचे पाणी बंद करायची मुख्य चावी कुठे आहे आणि ती कशाने फिरवायची, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दाखवून ठेवावे; भाड्याच्या घरात ही माहिती व्यवस्थापकाकडून घ्यावी, आणि त्याचा रात्रीचा फोन क्रमांक फ्रिजवर लावून ठेवावा.